गोष्टीतली बाई

त्या हंगामात कोळंबी इतकी उदंड आली की शेडमधल्या घड्याळाकडे बघायचंच बायकांनी सोडून दिलं. तळ्यांवरून गाड्या यायच्या त्या एकीला एक लागून. दारात ओतलेला ढीग दिवस मावळायच्या आत सोलून, धुऊन बर्फात गेलाच पाहिजे, अशी शेठची ताकीद होती. माल थांबला की काळा पडतो. माणूस थांबला की काय होतं, ते कुणी विचारत नव्हतं.

शेडमध्ये पत्र्यानं मढवलेली आठ लांब टेबलं होती आणि एकेका टेबलाला बारा बायका. बाहेर उन्हानं छप्पर तापलेलं आणि आत पायाशी बर्फाचं पाणी वाहतंय, असा सगळा उफराटा कारभार. डोक्याला घाम आणि पावलांना कापरं. तिसऱ्या टेबलाच्या टोकाला थोरली उभी राहायची. घरातली थोरली सून म्हणून घरी ती थोरली, आणि तेच नाव शेडमध्येही चिकटलेलं. वीस वर्षं ती त्या टोकाला उभी होती. तिथल्या फरशीत तिच्या गमबुटांच्या टाचांनी दोन खळगे पडलेत असं बायका थट्टेनं म्हणायच्या, आणि नीट बघितलं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

तिचे हात बघण्यासारखे होते. डाव्या हातात कोळंबी आली की उजव्या अंगठ्यानं डोकं मोडलेलं असायचं, साल सुटलेली असायची, नखानं पाठीतला काळा दोरा ओढलेला असायचा. बघणाऱ्याला हे कधी झालं ते कळायच्या आत सोललेली कोळंबी टबातल्या पाण्यात. तिचा ट्रे भरायचा तेव्हा शेजारणीचा अर्धा झालेला असायचा. नव्या पोरी कामावर आल्या की मॅनेजर तिच्याकडे बोट दाखवायचा. "असे हात पाहिजेत," म्हणायचा. थोरली वर बघायची नाही, पण कान तिकडेच असायचे.

त्या हातांची बोटं मात्र टोकाला कायमची पांढरी झाली होती, पाण्यात विसरलेल्या साबणासारखी. कोळंबीच्या डोक्याचा काटा बोटात शिरला तरी गारठ्यामुळे कळत नसे. घरी चुलीपुढे बसलं की एकेक बोट जागं व्हायचं आणि ठणकायला लागायचं. रबरी हातमोजे शेडमध्ये होते, नव्हते असं नाही. ते मॅनेजरच्या कपाटात असायचे आणि परदेशचे खरेदीदार माल बघायला आले की बाहेर निघायचे. पाहुणे गेले की मोजे धुऊन परत कपाटात. मोज्यांनी हात मंदावतो, असं मॅनेजरचं म्हणणं.

थोरलीच्या शेजारी तिची धाकटी जाऊ उभी राहायची. धाकटी दहावीपर्यंत शिकलेली. हाताला बेताची, पण तोंडाला अशी की सगळी शेड तिला रेडिओ म्हणायची. सोलता सोलता ती गोष्टी सांगायची. गावातल्या वाचनालयाच्या बाईंकडून पुस्तकं आणून वाचलेल्या काही आणि निम्म्याहून जास्त मनानं रचलेल्या. आज राणी जंगलात हरवली की ती उद्या दुपारपर्यंत सापडायची नाही. बायका म्हणायच्या, "अगं, काढ तिला बाहेर, आमचा जीव टांगणीला लागलाय." धाकटी म्हणायची, "माझा ट्रे भरू दे, मग काढते." मग दोघीतिघी आपली मूठ-मूठ कोळंबी तिच्या ट्रेमध्ये टाकायच्या आणि राणी बाहेर यायची. मॅनेजर हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. गोष्ट रंगली की हात भराभर चालतात, हे त्यानं हेरलेलं होतं.

मुकादम होता थोरलीचा नवरा. सरळ माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात, कामाला पक्का. धाकट्या भावाला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, त्यानंच शेडमध्ये बर्फ फोडायच्या कामाला लावलं होतं आणि दोन्ही सुनांनाही त्यानंच आणलं होतं. एका घरातली चार माणसं एका शेडवर जगत होती.

माल वाढला तसा शेठनं नवा नियम काढला. बायका मोरीच्या निमित्तानं वेळ काढतात, म्हणून मागच्या संडासांना कुलूप घालायचं. पाळीत दोनदा जायचं, तिसऱ्यांदा नाही. किल्ली मुकादमाकडे. मॅनेजरनं ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून खिसा चाचपला.

थोरलीला त्या महिन्यात बरं नव्हतं. तिचं वय पंचेचाळिशीचं. दिवसभर गार पाण्यात उभं राहून लघवीला जळजळ व्हायची आणि सारखं जावंसं वाटायचं. ती पाणी पीत नव्हती, म्हणून जास्तच व्हायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगायचा स्वभावही नव्हता.

एके दिवशी सकाळीच तिच्या दोन्ही खेपा झाल्या. जेवणाच्या सुट्टीला अजून दीड तास होता. तिनं दातओठ खाऊन अर्धा तास काढला. मग हात पुसत ती नवऱ्यापाशी गेली.

"किल्ली द्या."

मुकादमानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मॅनेजर पाचव्या टेबलापाशी उभा होता.

"दोनदा झालं तुझं."

"माहीत आहे. द्या."

"तुला दिली तर बाकीच्या काय म्हणतील?" तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणतील, घरच्यांना सूट. सुट्टीपर्यंत थांब. तासाचा तर प्रश्न आहे."

थोरलीनं पुन्हा मागितली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिनं कुठलीही गोष्ट दोनदा मागितली नव्हती. ती टोकाला येऊन उभी राहिली आणि कोळंबी उचलली. हात चालत होते. मांड्या एकमेकींना घट्ट धरून ती समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे बघत राहिली. धाकटी काहीतरी सांगत होती, बायका हसत होत्या, पण तिला शब्द लागत नव्हते.

आणि मग ते झालं. पाय गरम झाले आणि त्या गारठ्यात ती ऊब आधी बरी वाटली, हे तिला पुढं कित्येक दिवस सलत राहिलं. गमबुटात पाणी भरावं तसं भरलं. परकराचा घेर चिकटला. तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात शेजारचा टब लवंडला. बर्फ, पाणी, कोळंबी, सगळं धाडकन थोरलीच्या अंगावरून खाली आलं. कमरेपासून ती निथळायला लागली.

"हात निसटला," धाकटी म्हणाली.

मॅनेजर धावत आला. सोललेला माल फरशीवर पसरलेला बघून त्यानं धाकटीला सगळ्यांदेखत अद्वातद्वा ऐकवलं. डोळे फुटलेत का, तोंड चालवायला येतं आणि हात चालवायला येत नाही का, वगैरे. धाकटी खाली बसून मुकाट्यानं कोळंबी वेचत होती. थोरली ओली उभी होती आणि मनात देवाचे आभार मानत होती. कुणालाच काही कळलं नव्हतं. निसटला तर निसटला, पण वेळेवर निसटला.

घरी ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. नवऱ्यालाही काही कळलेलं नव्हतं. तो जेवला, "आज टब सांडला म्हणे," एवढं म्हणाला. थोरली "हं" म्हणाली. एवढंच.

त्यानंतर दीड-दोन महिने आठवड्याच्या सुट्टीला दुपारची भांडी झाली की धाकटी ओट्यावर वही घेऊन बसायची. सासू म्हणायची, "ही आता शाळेत परत नाव घालणार काय?" धाकटी हसायची. वाचनालयाच्या बाईंनी तिला म्हटलं होतं, एवढ्या गोष्टी सांगतेस त्यातली एक लिहून आण. तिनं नेऊन दिली. बाईंनी ती शहरातल्या एका मासिकाला पाठवली.

एका रविवारी धाकटा भाऊ ते मासिक घेऊनच घरात शिरला. बर्फ फोडून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते आणि मासिक त्यानं चिमटीत असं धरलं होतं की जणू ते फुटेल. "आई, हे बघ. हे आपलं आडनाव. छापलंय."

सासूला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. ती स्वतः तीस वर्षं त्याच शेडला होती आणि तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना नखं परत आलीच नव्हती. "काळं आहे, पण बरं दिसतंय," ती म्हणाली. मुकादमानं मासिक उलटून मागचं पान बघितलं आणि परत दिलं. त्याला वाचनाचा नाद नव्हता. थोरलीनं ते मागून घेतलं आणि मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. चौथी शिकलेली ती. ओळीखाली बोट धरून वाचत गेली.

गोष्टीत एक शेड होती, तिला नाव नव्हतं. एक मुकादम होता, त्याच्या खिशात किल्ली होती. एक बाई होती, सगळ्यांत हाताला चपळ.  ती वाचत राहिली. बाई किल्ली मागते, नवरा देत नाही, बाई टेबलापाशी परत येते. भिंतीवरचा डागसुद्धा होता. मग लिहिलं होतं: शेजारणीनं खाली बघितलं आणि तिला सगळं कळलं. आता हिला कुणी बघता कामा नये, असं तिला वाटलं, आणि तिनं आपल्या हातानं टब लवंडला.

थोरलीनं ती ओळ तीनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर दोघी भेटल्या. थोरलीनं हंडा भरायला लावला आणि त्या आवाजाच्या आड म्हणाली, "तुझा हात निसटला नव्हता."

"नाही," धाकटी म्हणाली.

"त्या दिवशी झाकलंस. आणि आता चव्हाट्यावर आणून मांडलंस."

"नाव कुठं घातलंय, ताई?"

"स्वतःला ओळखायला मला माझं नाव छापलेलं लागत नाही."

धाकटीनं खाली बघितलं. "तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते." हंडा भरून वाहायला लागला तरी थोरलीनं तो उचलला नाही. तिला अजून एक सांगायचं होतं आणि ते तिला रात्रभर टोचत होतं. "आणि शेवट चुकलाय तुझा."

"कसा?"

"ती बाई हात धुते आणि काम टाकून निघून जाते. कुठं जाते?"

"ते लिहिलं नाही मी."

"लिहिलं नाहीस, कारण तुला ठाऊक नाही. कुठं जाणार ती? तिच्यासारखे हात त्या शेडमध्ये दुसरे आहेत का? जायचं तर कुलूप जाईल. बाई कशाला जाईल?"

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "हे मला सुचलं नाही," ती म्हणाली.

"सुचेल कसं? मला विचारलं नाहीस." थोरलीनं हंडा कमरेवर घेतला आणि निघून गेली. मग आठ दिवस ती धाकटीशी बोलली नाही. टेबलापाशी दोघी शेजारी उभ्या राहायच्या, पण मधे भिंत घातल्यासारख्या.

इकडे मासिक हातोहात फिरत होतं. त्या पट्ट्यात कोळंबीच्या तीन शेडी होत्या. गोष्टीत नाव कुठल्याच शेडीचं नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. तिन्ही शेठना वाटलं, ही आपल्यावरच लिहिली. एकानं आपल्या मुकादमाला झापलं, तुझ्यामुळे आपली अब्रू गेली म्हणून. दुसऱ्यानं वाचनालयात माणूस पाठवून मासिकाचे सगळे अंक विकत घेतले. त्यामुळं झालं असं की बाईंना आणखी अंक मागवायला पैसे मिळाले.

नवव्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या शेडीतल्या चार बायका घरी आल्या. त्यांना धाकटीला बघायचं होतं. त्यातली एक दाराशीच म्हणाली, "आमच्या मुकादमाचं तुला सांगितलं कुणी?"

"तुमच्या?" धाकटी म्हणाली.

"मग काय. आमच्याकडं किल्ली नाही, पत्र्याचा बिल्ला आहे. दोनच बिल्ले, पन्नास बायका. आमच्या टेबलावरच्या एकीचं असंच झालं. ती आठ दिवस कामावर आली नाही लाजेनं. तिनंच पाठवलंय आम्हाला. म्हणाली, त्या बाईला जाऊन सांगा, टब लवंडणारी शेजारीण मला मिळाली नाही, पण वाचून बरं वाटलं."

थोरली आत चुलीपाशी होती. तिनं हे ऐकलं. जी लाज तिनं इतके महिने एकटीची म्हणून पोटाशी धरून ठेवली होती, ती तीन शेडींत वाटलेली निघाली. तिनं बाहेर येऊन त्या बायकांना पाणी दिलं. मग धाकटीकडे बघून म्हणाली, "अगं, नुसती उभी काय राहिलीस? चहा टाक त्यांना." आठ दिवसांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. धाकटी आत पळाली ती डोळे पुसतच.

दोन दिवसांनी शेडच्या फाटकावर धाकटीला अडवलं. रखवालदार म्हणाला, "तुमचं नाव आजपासून नाही." बर्फ फोडणाऱ्या तिच्या नवऱ्यानं पहार खाली टाकली होती, पण थोरलीनंच त्याला थोपवलं. "तिचं काम गेलं, आता तूही टाकलंस तर घरात भाकरी कुठून येईल? काम कर."

त्याच आठवड्यात बातमी आली की कामगार खात्याच्या अधिकारी बाई शेडी तपासायला येणार. शहरात मासिक वाचून लोकांनी पत्रं लिहिली होती, ही शेड कुठली आहे, तिथं खरंच असं चालतं का. मॅनेजरनं एक कागद टाइप करून आणला. त्यावर लिहिलं होतं की मासिकातली गोष्ट कपोलकल्पित असून आमच्या शेडमध्ये असा प्रकार कधीही घडलेला नाही, आम्हाला कसलाही त्रास नाही. खाली सह्यांसाठी मोकळी जागा. त्यानं तो मुकादमाकडे दिला. "तुमच्या घरातून सुरुवात करा. तुमच्या मंडळींनी सही केली की बाकीच्या आपोआप करतील."

मुकादम दिवेलागणीला घरी आला आणि कागद थोरलीपुढं ठेवला. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"सही पाहिजे."

"काय लिहिलंय?"

"काही नाही. शेडमध्ये सगळं बरं आहे, एवढंच."

"वाचून दाखवा."

"तुला वाचता येतं."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सासू कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "कर गं बाई सही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. मुकादमानं कागद उचलला, प्रकाशाकडे धरला आणि वाचायला लागला. "आम्ही खाली सह्या करणार... मासिकातील गोष्ट... असा प्रकार कधीही..." तिथं तो अडकला. खाकरला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच आला.

"गोष्ट वाचलीत तुम्ही?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

"सगळ्या गावानं वाचली. तुम्हीच राहिलात." ती उठली, आतून मासिक आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मग परत बसून तांदूळ निवडायला लागली.

तो वाचत बसला. सावकाश, ओठ हलवत. ताटातले तांदूळ निवडून झाले, खडे वेगळे झाले, तरी त्याचं संपेना. शेवटी त्यानं मासिक मिटलं. 

"त्या दिवशी? टब सांडला तेव्हा?"

"हं."

"तू मला सांगितलं नाहीस."

"मी किल्ली मागितली होती," थोरली म्हणाली. "अजून काय सांगायचं असतं?"

सासूनं पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "आमच्या वेळी संडासच नव्हते. मागं झुडपं होती. मॅनेजर तिथंही माणूस उभा करायचा." आयुष्यात पहिल्यांदाच तिनं हे सांगितलं होतं. तिच्या मुलालाही ते ठाऊक नव्हतं. मुकादमानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. सही मागितली नाही.

अधिकारी बाई आल्या त्या दिवशी हातमोजे वाटले गेले. फरशी तीनदा धुतली. भिंतींना चुना मारला. अधिकारी बाई मध्यमवयीन, चष्मेवाल्या, पायांत साध्या चपला, आणि काखेत फायलीबरोबर ते मासिक. त्यांनी संडासांची दारं बघितली. उघडी होती, कुलपं काढून ठेवलेली. कडीला कुलपाच्या गंजाची चकती उमटलेली होती ती त्यांनी बोटानं पुसून बघितली. मग त्या टेबलांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचंय?"

शंभर बायकांनी माना खाली घातल्या. कोळंबीची साल सुटल्याचा चुरचुर आवाज तेवढा येत होता.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ती गोष्ट आहे. मासिकातच वर छापलंय, कथा म्हणून. लिहिणाऱ्या बाईचा हात चालत नव्हता, म्हणून काढलं तिला. रागाच्या भरात लिहिलंय. सगळं खोटं."

"खोटंच आहे," थोरली म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. मॅनेजरचा चेहरा उजळला. थोरलीचे हात थांबले नव्हते. मोजे तिनं घातलेच नव्हते, बाजूला ठेवले होते.

"त्या गोष्टीतली बाई शेवटी काम टाकून निघून जाते," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "तेवढं खोटं आहे. मी कुठंही गेले नाही. मी इथंच आहे."

मॅनेजर काहीतरी म्हणायला गेला, पण अधिकारी बाईंनी हात वर केला. त्या तिसऱ्या टेबलापाशी आल्या. "बाकीचं?"

"बाकीचं जसंच्या तसं." थोरलीनं हातातली कोळंबी सोलून पाण्यात टाकली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. पांढरी टोकं, फाटलेल्या चिरा, काट्यांचे काळे ठिपके. "वीस वर्षं झाली. या शेडीत सगळ्यांत जास्त माल माझ्या हाताखालून जातो. मॅनेजरसाहेबच सांगतात नव्या पोरींना. मला भीक नको आणि दयाही नको. मला दार उघडं पाहिजे. बसायला स्टूल पाहिजे. आणि मोजे पाहिजेत, ते रोज, तुम्ही आलात म्हणून नाही." तिला दम लागला होता. एवढं ती एका वेळी कधी बोललीच नव्हती. "आणि लिहिणाऱ्या बाईचा हात चालत नव्हता हे खोटं आहे. आम्हा सगळ्यांचे हात तिच्या जिवावर चालत होते."

अधिकारी बाई लिहून घेत होत्या. "किल्ली कुणाकडे असायची?"

 थोरलीनं पुन्हा कोळंबी उचलली. नवऱ्याचं नाव ती आपल्या तोंडानं घेणार नव्हती, तेवढं त्याचं त्यानं करावं. बर्फाच्या खोलीच्या दाराशी मुकादम उभा होता. तो पाण्यातून चालत आला, खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी तो घडी घातलेला कागदही ठेवला.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "मी दिली नाही. माझ्या बायकोलाही दिली नाही."

त्यानंतर पाचव्या टेबलावरची एक म्हातारी बोलली. मग दुसऱ्या टेबलावरच्या दोघी. मग कोण कुणाआधी बोलतंय हे अधिकारी बाईंना कळेना, त्यांना पेनच पुरेना. मॅनेजर ट्रेच्या थप्पीपाशी उभा राहून घाम पुसत होता आणि त्याला ऐकवायला एकही मान खाली नव्हती.

सगळं काही रातोरात बदललं नाही. शेठ वकील घेऊन आला, तारखा पडल्या, मधे पंधरा दिवस शेड बंदच राहिली आणि त्या पंधरा दिवसांत घरी एकवेळची चूल पेटली. पण तिन्ही शेडींवर एकाच मापाचा हुकूम निघाला. संडासांची कुलपं गेली. पाळीचे तास ठरले, आणि त्यावरचं काम बायकांच्या मर्जीचं. टेबलामागं रबराच्या चटया आल्या आणि दोघींत एक स्टूल. मोजे कपाटातून निघाले ते निघालेच. थोरलीला मोज्यांची सवय व्हायला महिना लागला. तिचा वेग कमी झाला, आणि तरीही तो शेडीत सगळ्यांत जास्तच होता.

मुकादमाची मुकादमी गेली. त्याला धाकट्या भावाच्या जोडीला बर्फावर टाकलं. पहिल्या आठवड्यात त्याची पाठ धरली. थोरलीनं तेल गरम करून चोळून दिलं. तो पालथा पडल्यापडल्या म्हणाला, "हे काम बरं आहे. बर्फ काही मागत नाही." तेल चोळायचा हात तिनं हलका केला. माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही. त्यानंही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून सकाळी पाण्याचा हंडा तो स्वतः भरून आणायला लागला, आणि लोकांनी बघितलं तर बघू दे म्हणून रस्त्यावरून, मागच्या बोळातून नाही.

धाकटीला हुकुमानं कामावर परत घ्यावं लागलं. ती तिसऱ्या टेबलावर आली तेव्हा कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. थोरलीनं फक्त आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. मग कुणीतरी म्हणालं, "रेडिओ लाव की," आणि हात चालायला लागले.

पावसाळा सरून गेल्यावरची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, दुपार कलती होती. अंगणात तीन अनोळखी बायका येऊन उभ्या राहिल्या. दोन तालुके पलीकडून आल्या होत्या, एस. टी. बदलून. चपला हातात, पायांवर धूळ. त्यांच्या मनगटांवर ओरखडे होते आणि अंगाला उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पिसांचा वास येत होता. कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात कामाला होत्या त्या.  मग त्यांतली पुढची, गळ्याशी भाजल्याचा डाग असलेली, थोरलीला म्हणाली, "लिहितात त्या बाई तुम्हीच का?"

थोरलीनं पदरानं हात पुसले. आपल्याला कुणी असं विचारील असं तिला वाटलं नव्हतं, आणि उत्तर द्यायच्या आधी तिची मान जराशी ताठ झाली.

"नाही," ती म्हणाली. "ती माझी जाऊ. बसा, सावलीत बसा."

ती आत गेली. धाकटी विळीवर भाजी चिरत होती. समोर ताटात अर्धी चिरलेली, अर्धी तशीच. थोरलीनं खाली बसून तिच्या हातातली भाजी काढून घेतली आणि विळी आपल्याकडे ओढली.

"ऊठ," ती म्हणाली. "तुझं काम आलंय."